साडेसात इंच

नल्लकुंटा, हैदराबाद
दि. ६ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
हिम्मतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की योगिनी सूनबाई काय झालं म्हणून धावत येते. म्हणून आपलं पत्रच बरं. शिवाय केतकी समोर बसलेली असली तरी धास्ती नाही. नात तेवीस वर्षांची झाली, चार भाषा फाडफाड बोलते, पण माझं अक्षर दिसलं की पाटीवरचं तेलुगू बघून आपण करायचो तसं तोंड करते.

घरावर मजला चढतो आहे हे मागे कळवलंच होतं. स्लॅब पडला, भिंती झाल्या. आता वर जायचं कसं एवढाच किरकोळ प्रश्न उरला आहे. आधी जिना ठरवावा आणि मग मजला, असं माझं सातवीपर्यंतचं शिक्षण सांगतं. घरात बाकी सगळे पदवीधर, त्यामुळे बैठकीच्या कोपऱ्यात छताला एक गोल भोक ठेवलं आहे आणि त्याखाली उभं राहून सगळे वर बघतात.

जिना गोल करायचा आहे. मध्ये लोखंडी खांब आणि त्याभोवती चकलीसारख्या पायऱ्या. केतकीने घरं सजवण्याचा कोर्स केला ना, तिचं हे पहिलं काम. योगिनीच्या ऑफिसातली एक बाई मार्चमध्ये बघायला येणार आहे. आवडलं तर स्वतःच्या नव्या घराचं काम केतकीला देणार. त्यामुळे घरात जिना हा शब्द सध्या हळू आवाजात उच्चारतात.

आराखडा कागदावर नसतो, ताई. संगणकात तिने आपलं घर जसंच्या तसं उभं केलं आहे, फक्त स्वच्छ. भिंतींना ओल नाही. माझी खुर्ची आहे, पण तिच्यावर टॉवेल नाही. जिना बांधावा लागत नाही. यादीतून उचलायचा, जागेवर ठेवायचा, उंचीचा आकडा घालायचा. पायऱ्या किती ते यंत्र ठरवतं. पहिल्या दिवशी तो अर्धा भिंतीत घुसला होता. दुसऱ्या दिवशी डावीकडे वळत होता. मी म्हटलं, जिना देवाच्या प्रदक्षिणेसारखा वळावा. तिने एक बटण दाबलं, वळला. घर फिरलं की वासे फिरतात असं आपण ऐकलं होतं. इथे वासे जागेवर आणि जिना फिरतो.

त्या चित्रात एक पांढरा माणूस आहे. त्याला तोंड नाही. तो कठड्याला हात न लावता चढतो, उतरतो, दम म्हणून लागत नाही. त्याला गुडघे आहेत का असं मी विचारलं. केतकी हसली.

उंची मात्र मी मोजली. पोरगी टेप घेऊन निघाली होती, तो मी हातातून काढून घेतला. चाळीस वर्षं गौलीगुड्याच्या दुकानात कापड मोजलं, मी असताना तिने टेप कशाला धरावा? दहा फूट बरोब्बर. तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं, या फ्लोअरपासून त्या फ्लोअरपर्यंत का असं काहीसं. मी हौ म्हटलं. न समजलेल्या प्रश्नाला हौ म्हणायची सवय दुकानातलीच. गिऱ्हाईक खूश राहतं.

यंत्राने सोळा पायऱ्या काढल्या. घराच्या पायऱ्या विषम असाव्यात हे शेंबडं पोरही सांगेल. यंत्राला सोळा चालतात म्हणे.

आणि हो, वरची पूर्वेची खोली माझी. खालची माझी खोली मोडून तिथे योगिनीचं घरबसल्या काम करायचं ऑफिस होणार. वर ऊन आहे, हवा आहे, गच्ची आहे, मला फार बरं वाटेल असं ठरलं आहे. मला विचारलं त्यांनी. म्हणजे सांगितलं, आणि शेवटी एक ‘ना’ जोडला.

गुडघा तसाच आहे. लोभ आहे तो सरळच राहो, त्याला वळणं नकोत.

तुझा,
हिम्मत

—

उदगीर
दि. १५ जानेवारी २०२५

चि. हिम्मतरावास,
कुसुमचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं. चकलीपाशी ती हसली, मोजमापापाशी मी. तू माप घेऊन शिवून पाठवलेले पडदे अजून आमच्या दारांवर आहेत. जमिनीपासून वीतभर वर. आल्यागेल्याचे पाय दिसतात, त्यामुळे दार उघडण्याआधी कोण आलं ते कळतं, एवढा त्यांचा उपयोग.

सोळा, सतरा, डावं, उजवं हे सगळं राहू दे. पायऱ्या विषम असत्या तर तू सतरावी मोडकी आहे म्हणाला असतास. तुला वर जायचं नाही. एवढं एक वाक्य तुला दोन पानांत लिहिता आलं नाही. आईने तुझं नाव हिम्मत ठेवलं आणि बाकीचं देवावर सोडलं, असं मला नेहमी वाटतं.

विकासला सरळ सांग. तो तुझा मुलगा आहे, दुकानाचा मालक नव्हे. का जायचं नाही तेही सांग. गुडघ्याचं निमित्त मला सांगू नकोस, गुडघे माझेही आहेत.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे. दातांची काळजी घेऊन गोड बोल.

आशीर्वाद न मागता मिळत राहतील.
कुसुम

—

नल्लकुंटा
दि. २९ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ मिळाला. फोडायला अडकित्ता लागला. गोड बोलायचा प्रश्नच आला नाही, दोन दिवस बोलताच येत नव्हतं.

मुकुंदराव गेले. दुकानात माझ्या शेजारच्या काउंटरवर उभे असायचे, तुझ्या लग्नात त्यांनीच पंगत वाढली होती. नारायणगुड्याला चौथ्या मजल्यावर मुलाकडे होते. घर कसलं, काचेचं कपाट. जिना अरुंद आणि दर दहा पायऱ्यांना वळलेला. खांदा द्यायला आठ माणसं होती, पण वळणावर तिरडी वळेना. मग लिफ्टने आणायचं ठरलं. लिफ्ट चार माणसांची, त्यात आडवं मावत नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून मुकुंदरावांना उभं करून खाली आणलं. चाळीस वर्षं मालकाने त्या माणसाला दुकानात बसू दिलं नाही. मला वाटलं होतं, निदान शेवटी तरी आडवं व्हायला मिळेल.

घरी येऊन मी केतकीला जिना दाखव म्हटलं. तिला वाटलं आजोबांना आवडायला लागला. पायरीची रुंदी सव्वादोन फूट. पांढरा माणूस छान चढला, छान उतरला. तो कधी मरत नाही, त्यामुळे त्याला अडचण नाही.

आता तुला कळलं असेल. वर गेलो की मी खाली येणार तो कसा? लोकांच्या हातांत उभा, नाहीतर दोरीने बांधून गच्चीवरून. हे मी विकासला चहा पिताना कसं सांगू? अजून जिवंत माणसाने असं बोललं की घरातले म्हणतात, काहीतरीच बोलता.

दुसरी गोष्ट लिहायची नव्हती, पण पोटात राहत नाही. गिलाव्याला आपल्याकडचा अंबाजी मेस्त्री आहे. त्याने मागच्या आठवड्यात सहज विचारलं की उंचीत स्लॅबची जाडी धरली ना. मी हौ म्हटलं आणि तो गेल्यावर घामाघूम झालो. मी खालच्या फरशीपासून छतापर्यंत मोजलं होतं. भोकात टेप टेकवायला काही नाही, म्हणून शेजारी छताला टेकवला. जिना जातो वरच्या फरशीपर्यंत. मधला स्लॅब पाच इंच आणि वर सिमेंटचा माल आणि फरशी मिळून अडीच. मी नुसती हवा मोजली, ताई. साडेसात इंच कमी. साडेसाती एवढ्या नेमक्या मापात येते हे मला माहीत नव्हतं.

लगेच सांगणार होतो. देवाशप्पथ. पण मनात आलं, जिना पोचलाच नाही तर मला वर कोण नेणार?

मग गुरुवारी घरी कोणी नसताना जिना बनवणारा खाजाभाई आला. कागदावर सगळं असलं तरी चच्चा, एकदा स्वतः मोजून घेतो म्हणाला. मी त्याला नक्को म्हटलं, बसवलं, चहा पाजला आणि वाटेला लावला. चहा चांगला झाला होता.

हे पत्र वाचून फाडून टाक. सुनेकडून वाचून घेऊ नकोस.

लोभ कमी झाला तर साडेसात इंचांहून जास्त होऊ नये.
हिम्मत

—

उदगीर
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. हिम्मतरावास आशीर्वाद.

भिंग लावून स्वतः वाचलं. डोकं दुखलं ते भिंगामुळे नव्हे.

मुकुंदरावांचं वाईट वाटलं. त्यांनी वाढलेली बासुंदी आठवली. तू केलेलं मात्र मुकुंदरावांच्या खात्यावर घालू नकोस. माप चुकलं, ते वयाने चुकलं. चहा पाजलास, ते तू शुद्धीत पाजलास.

हे पत्र पोचेल त्याच दिवशी सांग. लोखंड कापायच्या आधी सांगितलंस तर चूक म्हणतील, नंतर सांगितलंस तर दुसरं काहीतरी म्हणतील.

गूळ आता मऊ बघून पाठवते.
कुसुम

—

नल्लकुंटा
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी जिनाही आला. टपालखात्याला दोष द्यावा तर पत्र सकाळी आलं आणि जिना दुपारी. मधले चार तास मी कपाट आवरत होतो.

खाजाभाईने खांब उभा केला, पायऱ्या ओवल्या. फार देखणा जिना आहे. एवढा देखणा की वरच्या पायरीवर उभं राहून विकासने पाय पुढे टाकला तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही की पुढे जमीन नाही, जमिनीची जाडी आहे. त्याचं बोट ठेचलं. मग सगळ्यांनी मोजलं. साडेसात इंच. मी पेपर वाचत होतो. कोणता ते विचारू नकोस, उलटा धरला होता.

खाजाभाईने माझ्याकडे बघितलं. त्याला चहा आठवला असणार. मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, कागदात चूक असेल. माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखला त्याने. तो मान मला तेव्हापासून चावतो आहे.

विकास केतकीला फार बोलला. चित्रातल्या जिन्यावर चित्रातली माणसं चढतात, खऱ्या घरात हात मळवावे लागतात, हे आणि असलंच पुष्कळ. योगिनीने त्या ऑफिसातल्या बाईला काय सांगायचं याची चिंता सुरू केली. ती बाई ९ मार्चला येते आहे. केतकीने संध्याकाळभर फाइल उघडून एकेक आकडा तपासला. जिना पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. प्रत्येक वेळी तो बरोब्बर पोचत होता, कारण तिच्या चित्रातला मजलाही माझ्याच दहा फुटांवर होता.

एक सांगतो आणि थांबतो. विकासने तिला विचारलं की मूळ माप तरी बरोबर होतं का. ती म्हणाली, ते आजोबांनी घेतलं आहे, ते चुकणार नाही. बाकी सगळं तपासते.

ताई, दुकानात माझ्या मापावर कोणी एवढा भरवसा ठेवला नव्हता. मालक तर रोज संध्याकाळी गज तपासायचा.

जेवण जात नाही. मऊ गूळ पोचला.
तुझ्या लोभाला पात्र नसलेला,
हिम्मत

—

उदगीर
दि. २८ फेब्रुवारी २०२५

हिम्मत,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवले आहेत. काम झालं की घेऊन जा.

तुला खाली कसं आणायचं, ही तुझी काळजीच नव्हे. तो प्रश्न मागे राहणाऱ्यांचा. ते आणतील, आडवा, उभा, जसा मावशील तसा. तुझी काळजी एवढीच की तुझी नात तुझ्या नावावर हात ठेवून बापाची बोलणी खाते आहे आणि तू उलटा पेपर वाचतो आहेस.

तुला मेल्यावर अवघडायची भीती वाटते. जिवंतपणी अवघडून बसला आहेस त्याचं काय?

केतकीला एक पत्र लिहून ठेवलं आहे. अक्षरं वाटाण्याएवढी काढली आहेत, म्हणजे तिला वाचता येतील. ते सहा तारखेला टपालात पडेल. त्याआधी तू तोंड उघड. आधी तिच्यापाशी, मग विकासपाशी.

कुसुम

—

हैदराबाद
१० मार्च २०२५

प्रिय कुसुम आजी,
साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजोबांनी लिहून दिला.)

मी मराठीत पहिल्यांदा पत्र लिहिते आहे. मिस्टेक असतील तर सॉरी. तुमचं मोठ्या अक्षरांचं पत्र मिळालं. वाचायला पंधरा मिनिटं लागली, पण त्याच्या आधीच आजोबांनी मला सगळं सांगितलं होतं. पाच तारखेला ते माझ्या टेबलाजवळ आले, लॅपटॉप बंद कर म्हणाले, आणि उभ्याउभ्याच बोलले. मी बसा म्हटलं तर म्हणाले की नको, हे उभ्यानेच सांगायचं असतं.

मला आधी खूप राग आला. मी दहा दिवस माझी चूक शोधत होते. मग ते लिफ्टमधल्या काकांचं बोलले, तेव्हा राग राहिला नाही. चहाच्या वेळी त्यांनी पप्पा आणि ममालाही सांगितलं. पप्पा पाच मिनिटं फॅनकडे बघत बसले. फॅन बंद होता. ममा म्हणाली की असं काही होणार नाही, तुम्ही काहीतरीच बोलता. आजोबा म्हणाले, हे वाक्य येणार हे त्यांनी तुम्हाला जानेवारीतच लिहिलं होतं.

मग मी लॅपटॉप उघडला. आमच्या कोर्समध्ये शिकवलं होतं की जिना केला की सोफा आणि कपाट वर जातं का ते आधी बघायचं. सॉफ्टवेअरच्या यादीत सोफे आहेत, पियानो आहे, बाथटब आहे, कुत्र्याचं घरसुद्धा आहे. तिरडी नाही. मी एक बेंच घेतला, सहा फूट बाय दोन फूट केला आणि वरच्या खोलीतून खाली आणायला लागले. तिसऱ्या पायरीवर तो भिंतीत घुसला. फिरवला, कठड्यात अडकला. तिरका केला, खांब मधे आला. सगळे माझ्या मागे उभे राहून बघत होते. ममाने बंद कर म्हटलं. आजोबा म्हणाले, उभा करून बघ. मी उभा केला. तो आला. सगळ्यात आधी आजोबा हसले, मग पप्पा हसले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

माझीही चूक आहे. मी त्यांना इंग्रजीत विचारलं आणि त्यांच्या हौवर विश्वास ठेवला. आता मी कोणालाही विचारताना हाताने दाखवून विचारणार.

आजोबांची खोली खालीच राहणार आहे. ममाचं ऑफिस वर जाईल. तिला ते आवडलेलं नाही, पण आवडलं असं सांगते आहे. त्या आंटी काल आल्या होत्या. पोचत नसलेला जिना त्यांनी बघितला. मी खरं काय झालं ते सांगितलं. नंतर कळवते म्हणाल्या. अजून काही कळवलं नाही.

तुमची,
केतकी

—

नल्लकुंटा
दि. २ एप्रिल २०२५

ती. कुसुमताईस,
हिम्मतचा शि. सा. न. वि. वि.

राखून ठेवलेले आशीर्वाद आता सोड.

खाजाभाईने जिना उचलून खाली दगडाचा चौथरा घातला. तांडूरचा दगड, साडेसात इंच उंच, म्हणजे मोजून एक पायरी. आता पायऱ्या सतरा झाल्या. विषम. जे यंत्राला जमलं नाही ते माझ्या चुकीने करून दाखवलं, असं मी जेवताना म्हणालो. कोणी हसलं नाही. माझ्या विनोदांना घरात अजून महिनाभर बंदी आहेसं दिसतं. विकास मोजकं बोलतो. बोट बरं झालं, पण सकाळी चप्पल घालताना तो माझ्याकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी मी खाजाभाईच्या कारखान्यात गेलो, दोन बस बदलून. त्या गुरुवारी नक्को म्हणायला नको होतं असं त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चहा मागवला. चच्चा, तुमच्या हातच्या चहाला तोड नव्हती, पण महाग पडला, म्हणाला.

त्या बाईंनी घराचं सगळं काम केतकीला दिलं नाही. जिना तेवढा दिला आहे. सरळ हवा आहे, रुंद हवा आहे, त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या आहेत. केतकी म्हणते ही सुरुवात आहे. मी म्हटलं, सुरुवात खालच्या पायरीनेच होते. यावर मात्र ती हसली.

तुझ्या पडद्यांसाठी ती मे महिन्यात येणार आहे. दारं ती स्वतः मोजेल. मी सोबत येईन, टेपला हात लावणार नाही.

पाडव्याला वर पूजा होती. सगळे म्हणाले तुम्ही खालीच बसा, प्रसाद आणून देतो. मी म्हटलं, जिना माझ्यामुळे उंच झाला आहे, एकदा चढून बघू दे. विकास पुढे, केतकी मागे, योगिनी खाली हात पसरून, जणू मी पिकलेला फणस. सहाव्या पायरीला थांबलो, अकराव्याला थांबलो. वर पोचलो. ऊन खरंच चांगलं आहे, ताई. योगिनीच्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीत तासभर बसलो आणि नल्लकुंट्याच्या गच्च्या बघितल्या. हे मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर, असं म्हणणार होतो. पण सांगितलं होतं. मीच ‘ना’ मोजत बसलो.

मग उतरलो. कठडा धरून, एका वेळी एक पायरी, दोनदा खाली बसून. विकासने खांदा पुढे केला होता, पण मी हात लावला नाही. शेवटची पायरी दगडाची. तिच्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, बघ विकास, उतरलो. आडवाही नाही, उभा करूनही नाही. त्याने माझ्या चपला सरळ करून दगडापाशी ठेवल्या.

तुझे डोळे आणि माझा गुडघा टिकेल तोवर पत्र येत राहो.

तुझा धाकटा,
हिम्मत